एका छापखान्यातली दोन साप्ताहिकं

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात दोन नोकऱ्या करत होतो. दुपारनंतर सदरमधल्या एका दैनिकात बातमीदार, आणि सकाळी गांधीबागेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक. छापखाना कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत होता. लग्नपत्रिका, कापड दुकानांची बिलबुकं, सिनेमाची हँडबिलं आणि दोन राजकीय साप्ताहिकं तिथं छापली जात. दोन्ही साप्ताहिकं आमच्याच लोकांची होती. दोन्हींच्या पहिल्या पानावर, नावाशेजारी, एकच छायाचित्र असे. त्याखालचा बहुतेक मजकूर दुसऱ्या साप्ताहिकाच्या विरोधात असे.

आमचे लोक म्हणजे छप्पन साली नागपुरात धम्म स्वीकारलेली घरं. आमचा पक्ष एकच होता, तो फुटला. एका गटानं महापालिकेत सत्ताधाऱ्यांशी समझोता केला. दुसऱ्या गटाला तो समझोता म्हणजे चळवळीशी दगा वाटला. समझोता करणाऱ्यांचा पुढारी वकील होता आणि नाकारणाऱ्यांचा पुढारी खासगी शाळेतला मास्तर. दोघेही नगरसेवक होते आणि दोघेही आपापल्या साप्ताहिकाचे संपादक. भूमिहीनांच्या सत्याग्रहात दोघे एकाच बराकीत होते आणि एकाच ताटात जेवायचे, असं वस्तीत सांगत. ते दोघांपैकी कोणी नाकारत नसे. आपल्या अंकात मात्र कोणी तसं छापू देत नसे.

छापखान्यात मोठ्या मथळ्याचा लाकडी टाइप एकच होता. वकिलांचा अंक शुक्रवारी निघे, मास्तरांचा शनिवारी, म्हणून एकाच टाइपात दोघांचं भागत असे. मास्तरांना शाळा असल्यानं त्यांचा मजकूर बुधवारीच जुळवला जाई. त्याची ओली प्रुफं खिडकीजवळच्या तारेवर वाळत पडत. वकील कोर्टातून परतताना आपला मजकूर द्यायला येत आणि तारेवरची प्रुफं उभ्या उभ्या वाचत. मग तिथंच बसून उत्तर लिहीत. याला कोणी चोरी म्हणत नसे. मास्तरांना हे माहीत होतं. तेही वकिलांची प्रुफं अशीच वाचत. त्यामुळे बऱ्याचदा उत्तर शुक्रवारी निघे आणि ज्याला उत्तर दिलं तो आरोप शनिवारी. वस्तीला याची सवय झाली होती. शुक्रवारी वकिलांचा अंक वाचला की उद्या मास्तर काय म्हणणार ते लोकांना कळे.

मला या कामाचा कंटाळा नव्हता, पण तिथं मन स्वस्थही नसे. एकाच टेबलावर दोन गट्ठे असत. एकात जो माणूस 'सत्तेचा दलाल' असे, तोच दुसऱ्यात 'समाजाचा आधारवड' असे. माझं काम ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं होतं. दलाल आणि आधारवड दोन्ही शुद्ध लिहिलेले असले की माझं काम संपे. मग मी सायकल काढून सदरला जाई आणि वाटेत उगीचच जोरानं पेडल मारी.

त्या वर्षी माझ्या आत्याचं वसतिगृह अडचणीत आलं. आत्या विधवा होती, वस्तीतल्या प्राथमिक शाळेत शिकवत होती. कामठी रोडकडच्या वस्तीत एक भाड्याचं घर घेऊन तिनं पारशिवनीकडच्या खेड्यांतल्या मुली ठेवल्या होत्या. त्यांच्या गावी सातवीपुढे शाळा नव्हती. मुली नागपुरात शिकत, रांधत, झोपत, सगळं त्या दोन खोल्यांत. दोन्ही साप्ताहिकांचे अंक तिथं फुकट येत. मुली त्यांची पुस्तकांना कव्हरं घालत. इतिहासावर वकील असत, भूगोलावर मास्तर.

घरमालकाला घर हवं होतं. उन्हाळ्याआधी खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. जवळच महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळेची इमारत रिकामी पडली होती. ती वसतिगृहाला द्यायचा ठराव सभेत मंजूर झाला असता तर प्रश्न सुटत होता. सत्ताधाऱ्यांची अट एवढीच होती की, तुमच्या दोन्ही गटांनी मिळून मागा, मग आमची हरकत नाही. तुमच्या भांडणात आम्हाला ओढू नका.

आत्यानं एका रविवारी सकाळी दोघांना चहाला बोलावलं. दुसरा येणार आहे हे दोघांनाही सांगितलं नाही. वकील आधी आले. मास्तर दारात पोचले तेव्हा त्यांना वकिलांची स्कूटर दिसली. ते उंबऱ्यातच थांबले.

"बाई, हे बरोबर नाई केलं तुम्ही. यायले बोलावलं होतं त मले सांगाचं होतं."

"सांगितलं असतं त आले असते तुम्ही?"

"नाई."

"म्हणूनच नाई सांगितलं. या, बसा."

वकील आतून म्हणाले, "बसा हो मास्तर. खुर्ची काही सत्तेची नाई, बाईची हाय."

"तुमाले खुर्ची दिसली का लगेच बसता तुम्ही, वकीलसाहेब."

"अना तुमी उभे राहून राहून पाय दुखवून घेता. पेपरात लिहिता का आम्ही ताठ उभे हावो."

मी कोपऱ्यात पेटीवर बसलो होतो. मला हसू आलं, पण आत्या हसली नाही. तिनं पडद्यामागे हाक मारली आणि मॅट्रिकची मुलगी चहा घेऊन आली. पारशिवनीजवळच्या एका गावची. आमच्या वसतिगृहातली मॅट्रिकपर्यंत पोचलेली ती पहिली. मास्तरांनी कप घेताना विचारलं, "कोणत्या वर्गात हाय वं तू?"

"मॅट्रिकले, सर."

"गणित कसं हाय?"

"गणितच राहून गेलं, सर. बाकी येते."

मास्तर गणितच शिकवत. "जागेचं होऊ दे," ते म्हणाले. "मंग दर रविवारी मी येत जाईन. गणितात काई नाई रायत. भीती रायते फक्त."

मुलगी आत गेली. आत्या म्हणाली, "ऐकलं ना दोघाईनं? परीक्षा फाल्गुनाच्या मागं लागून येऊन राहिली. घर त्याच्या आधी जाते. आता सांगा, ठराव कोण मांडते?"

दोघांनाही मांडायचा होता. बराच वेळ त्यातच गेला. मास्तरांचं म्हणणं, वस्ती त्यांच्या वॉर्डात आहे. वकिलांचं म्हणणं, शाळेच्या इमारतीचा विषय त्यांनी पूर्वी एकदा काढला होता. शेवटी ठरलं की वकिलांनी ठराव मांडायचा, मास्तरांनी अनुमोदन द्यायचं आणि इमारतीच्या पाटीवर दोघांचंही नाव असणार नाही.

"पण हा समझोता नाई," मास्तर म्हणाले. "एका प्रश्नापुरतं एकत्र येणं हाय हे."

"बरं, एकत्र येणं," वकील म्हणाले.

"एका प्रश्नापुरतं."

"एका प्रश्नापुरतं. लिहून देऊ का?"

"नाव काई बी ठेवा हो," आत्या म्हणाली. "बारसं नाई करून राहिलो आपण. मत द्या म्हणजे झालं."

दोघे एकाच वेळी बाहेर पडले. वकिलांनी मास्तरांना स्कूटरवर बसायला सांगितलं. मास्तर नको म्हणाले. लोक पाहतील, असं ते म्हणाले नाहीत, पण त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि पायी निघाले.

बुधवारी सकाळी मी छापखान्यात गेलो तेव्हा मास्तरांच्या पहिल्या पानाचं प्रूफ तारेवर होतं. पानभर मथळा होता: 'अखेर लोटांगण!' खाली बातमी. सत्तेच्या पंगतीला बसलेल्यांना वसतिगृहाच्या प्रश्नावर अखेर आमच्या गटापुढे यावं लागलं, आम्ही तत्त्व सोडलं नाही, तेच आमच्याकडे आले, अशा आशयाची. मी ते दोनदा वाचलं. शुद्धलेखनाची चूक नव्हती. मी प्रुफावर सही न करता सायकल काढली आणि आत्याच्या शाळेत गेलो.

आत्यानं ऐकून घेतलं. मधल्या सुट्टीत ती माझ्यासोबत मास्तरांच्या शाळेत आली. मास्तर वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात खडूचे हात झटकत होते.

"काहून केलं असं?" आत्यानं विचारलं.

"बाई, माह्या गटातल्या पोराईले काय सांगू मी?" ते पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होते. "इतकी वर्षं त्यायले सांगितलं का त्या माणसाच्या सावलीत उभं राहू नका. आता सांगू का मी त्याच्या ठरावाले हात वर करून राहिलो? ते म्हणतीन मास्तरबी विकल्या गेला. अशा मथळ्यानं त्यायले समजते का आपण वाकलो नाई."

"तुमच्या पोराईले समजते. माह्या पोरी कुठी जातीन?"

मास्तरांच्या शाळेची घंटा झाली. गुरुवारी सकाळी ते शाळेच्या आधी छापखान्यात आले आणि टाइप जुळवणाऱ्या जुळाऱ्याला म्हणाले, "ते काढा. 'वसतिगृहासाठी दोन्ही गट एकत्र' टाका." बातमीतल्या पंगतीच्या ओळीही त्यांनी स्वतः खोडल्या. जाताना मला म्हणाले, "बाईले सांगजो."

मी सांगितलं. पण वकिलांनी बुधवारी संध्याकाळीच तारेवरचं प्रूफ वाचलं होतं. गुरुवारी कोर्टानंतर ते उत्तराचा मजकूर घेऊन आले, तेव्हा मी सदरहून मुद्दाम छापखान्यात आलो होतो. मथळा होता: 'लोटांगण कोणाचे?' बराकीतली एक जुनी गोष्ट त्यात होती. मास्तरांनी तेव्हा जेलरकडे कांबळ मागितल्याची. मी त्यांना सांगितलं की मास्तरांनी मथळा बदलला आहे. नवं प्रूफ दाखवलं.

वकिलांनी चष्मा काढून ते पाहिलं. "कोणी बदलवला?"

"आत्यानं जाऊन सांगितलं."

"म्हणजे मनातून नाई बदलला. बाईच्या भिडेनं बदलला. मनात त तेच होतं ना?"

"पण छापून येणार नाही ते."

"येणार नाई, पण वाचलं त सगळ्याईनं. माह्याकडचे दोघं तिघं काल इथंच होते. आज कोर्टात मले एकजण विचारते, साहेब, तुमी लोटांगण घातलं म्हणे? त्याले काय दाखवू? तुहं हे नवं प्रूफ?"

छापखान्याचे शेठ गल्ल्यावरून ऐकत होते. घरी ते हिंदी बोलत. ते म्हणाले, "वकीलसाब, जो छपा ही नहीं, उसका जवाब क्या छापना?"

"शेठ, तुम्ही कापडबाजारातले. राजकारणात माणसाच्या मनात काय हाय ते पाहा लागते."

"पाहा भई," शेठ म्हणाले आणि पंख्याखाली सरकले.

शुक्रवारी वकिलांचा अंक निघाला. वस्तीला तो वाचून कळेना की उत्तर कशाचं आहे. मग ज्यांनी प्रूफ वाचलं होतं त्यांनी सांगितलं. दुपारपर्यंत न छापलेला मथळा छापलेल्यापेक्षा जास्त लोकांना पाठ झाला होता. मी त्या दिवशी वस्तीतून दोनदा गेलो, काही काम नसताना. पानठेल्यावर जेलरच्या कांबळाची गोष्ट चालली होती. मास्तरांचा एक कार्यकर्ता ओरडत होता, "आमचे मास्तर गप बसले त हे डोक्यावर बसून राहिले. अजून करा एकत्र येणं!"

शनिवारी सकाळी मास्तर छापखान्यात आले. त्यांच्या हातात शुक्रवारचा अंक होता. ते माझ्याशी बोलले नाहीत. जुळाऱ्याला म्हणाले, "पहिलाच मथळा लावा."

"तो टाइप वकीलसाहेबाच्या फर्म्यात हाय अजून," जुळारी म्हणाला.

"मंग काढा. मी थांबतो."

जुळाऱ्यानं वकिलांचा फर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेलं पान, सोडला, 'लोटांगण' ही अक्षरं उचलली, रॉकेलच्या फडक्यानं पुसली आणि मास्तरांच्या पानात बसवली. मास्तर तोवर उभे होते. त्यांची पहिली तासिका बुडाली.

सोमवारी सभा होती. मी वार्ताहरांच्या बाकावर होतो. प्रेक्षकांच्या जागेत आत्या आणि ती मॅट्रिकची मुलगी बसल्या होत्या. आत्यानं तिला मुद्दाम आणलं होतं. सभासदांना दिसावी म्हणून. विषय आला तेव्हा वकील उठले आणि त्यांनी ठराव मांडला. चांगलं बोलले. खेड्यांची नावं घेतली, मुलींच्या पायपिटीचं सांगितलं, आवाज कुठंही चढवला नाही. सत्ताधारी बाकांवर माना हलत होत्या. अध्यक्षांनी विचारलं, "अनुमोदन?"

मास्तर उठले. त्यांच्या हातात शुक्रवारचा अंक होता.

"अध्यक्ष महाराज, अनुमोदन देण्यापूर्वी माझी एक मागणी आहे. ठराव मांडणाऱ्या सदस्यांनी माझ्याविषयी जे छापलं आहे ते इथं मागे घ्यावं."

वकील उठले. त्यांच्या बॅगेतून शनिवारचा अंक निघाला. "माझंही तेच म्हणणं आहे. आधी यांनी हे मागे घ्यावं."

"माझ्या अंकाची तारीख पाहा. तुमचा आधी निघाला आहे."

"पण लिहिलं आधी कोणी, मास्तर? छातीवर हात ठेवून सांगा!"

"मी काढून टाकलं होतं!"

"मग पुन्हा कोणी लावलं?"

सभागृहात हशा झाला. सत्ताधाऱ्यांतला एक सदस्य हिंदीत म्हणाला, "टाइप तो एक हो गया, अब दिल भी एक कर लो." म्हणजे छापखान्याचं त्यालाही ठाऊक होतं. अध्यक्षांनी घंटा वाजवली. पुन्हा विचारलं, अनुमोदन आहे का? मास्तर हाताची घडी घालून उभे होते. दुसरं कोणी उठेना. सत्ताधाऱ्यांनी आधीच सांगितलं होतं की ते मधे पडणार नाहीत. मी आत्याकडे पाहिलं. ती मास्तरांकडे पाहत होती. मुलगी अध्यक्षांच्या हातातल्या घंटेकडे. अनुमोदन नसल्यानं ठराव विचारात घेता येत नाही, असं अध्यक्षांनी सांगितलं आणि पुढचा विषय पुकारला. तो गटारांचा होता.

सभागृहात असा एकही सदस्य नव्हता जो वसतिगृहाच्या विरुद्ध होता. ही गोष्ट मी बातमीत पहिल्या परिच्छेदात लिहिली. संध्याकाळी मुख्य उपसंपादकांनी ती वाचली आणि म्हणाले, "यात बातमी कुठंय? दोघे भांडले ती बातमी. अंक फडकवले, हशा झाला, ते वर घे. वसतिगृह शेवटी." मी तसं केलं नाही, म्हणून त्यांनी स्वतः केलं. पानावर जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, ही सगळ्या दैनिकांची पद्धत. फोरमननं खालचा परिच्छेद काढला. दुसऱ्या दिवशी दोन कॉलमी मथळ्याखाली भांडण सविस्तर आलं, हशासकट. वसतिगृह हा शब्द एकदाच आला होता आणि तोही कंसात.

उन्हाळा लागण्याआधी घर सोडायची वेळ आली. आत्या दारोदार फिरली. आश्चर्य असं की जागा मिळत होती. दोन्ही गटांच्या घरांतून बायका म्हणाल्या, एक पोरगी राहू द्या आमच्याकडं, आमच्या पोरींसंग झोपन. वकिलांच्या बायकोनं दोघींना घ्यायची तयारी दाखवली, मास्तरांच्या बायकोनंही. पण मुलींचे बाप तयार नव्हते. मॅट्रिकच्या मुलीचे वडील तिला न्यायला आले होते. ते आत्याला म्हणाले, "बाई, तुमच्याजवळ पोरी एका जागी होत्या म्हणून ठेवली. लोकाच्या घरी पोरगी नाई ठेवत मी. उद्या गावात काय सांगू?" आत्यानं तिला आपल्या खोलीत ठेवते म्हटलं. ती खोलीही त्याच घरात होती आणि घर जाणार होतं.

बस स्टँडवर मी सोबत गेलो. बापानं तिकिटं काढायला रांग धरली. मुलीच्या मांडीवर पुस्तकांचा गठ्ठा होता. शेंगदाण्याच्या पुडीबरोबर कुठून तरी आमच्या दैनिकाचं ते पान तिच्या हाती आलं होतं. ती मन लावून वाचत होती. शेवटी पोचल्यावर तिनं पान उलटवलं.

"याच्या पुढचं कुठं हाय, दादा?"

"पुढचं नाही. तेवढंच आहे."

"आमचं त आलंच नाई यात."

"खालचं कापलं गेलं."

"काहून?"

मी जागेचं सांगायला लागलो. तेवढ्यात तिचे वडील आले आणि ती उठली. ते पान तिनं बाकावरच ठेवलं. बस सुटेपर्यंत मी थांबलो नाही. दुपारची पाळी होती, आणि थांबून पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी आत्याला सामान हलवायला मदत करत होतो. मास्तर आले. ते दारात उभे राहिले, पहिल्यांदा राहिले होते तसेच. आत कोणी पाहुणा नव्हता तरी त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"बाई, एक विचारायचं होतं. त्या मॅट्रिकच्या पोरीचं नाव काय? अना गाव? या अंकात मी सगळं लिहून राहिलो. यायच्यामुळं एका पोरीची परीक्षा बुडाली, हे लोकाइले कळलं पाह्यजे."

आत्या भांडी पोत्यात भरत होती. "तुमाले नाई माहीत तिचं नाव?"

"त्या दिवशी विचारायचं राहून गेलं."

"तुमी तिले गणित शिकवणार होते, मास्तर. आज रविवार हाय."

मास्तरांच्या खिशात पेन होतं. त्यांचा हात तिथंच राहिला. मग ते म्हणाले, "पहिले आम्ही नाई लिहिलं, बाई. मी त काढलं होतं."

"वकीलसाहेबबी काल आले होते," आत्या म्हणाली. "त्यायलेबी नावच पाह्यजे होतं. तेबी म्हणत होते, पहिले आम्ही नाई लिहिलं."

तिनं पोत्याचं तोंड बांधलं आणि दुसरं टोक धरायला मला खुणावलं. मास्तर बाजूला झाले. आम्ही पोतं बाहेर नेऊन रिक्षात ठेवलं. परत आलो तेव्हा ते गेले होते.

दोघांनीही आपापल्या अंकात त्या मुलीवर लिहिलं. नाव नव्हतं, 'एक होतकरू विद्यार्थिनी' एवढंच. दोन्ही मजकूर मीच तपासले. बंद शाळेची इमारत आणखी काही वर्षं बंद होती. ती मुलगी पुढे रामटेकच्या केंद्रावरून परीक्षेला बसली, असं आत्याला पारशिवनीच्या बाजारात कोणीतरी सांगितलं. गणितात काय झालं, ते सांगणाऱ्याला माहीत नव्हतं.